यंदा अप्पा पोथी वाचणार नाहीत

चाळीसगाव,
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९५८

प्रिय कनी,

अक्षर पाहून दचकू नकोस, हे माझंच आहे. दर वेळी कौतिक शिंपी लिहून देतो आणि मी सांगितलेल्या चार ओळींच्या आधी स्वतःच्या मनाने "इकडील सर्व क्षेम" असं घालतो. या वेळी त्याला सांगितलं नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही. सकाळी त्याच्या दुकानात लिहिलेलं पत्र संध्याकाळपर्यंत स्टेशनावरच्या हमालांना पाठ असतं. म्हणून स्वतःच बसले. तीन दिवस झाले, भाकऱ्या उरकल्या की लिहिते, दोन ओळी झाल्या की बोटं आखडतात. कागदाला पीठ लागलं आहे, ते झटकून घे. मला दोन यत्तांपुढे कोणी शाळेत बसवलं नाही, जोडाक्षरं तूच शिकवलीस, गूळ-शेंगदाण्याच्या बोलीवर. चुकलं की फुटपट्टी मारायचीस, आठ वर्षांची कारटी. तेव्हा यात काही चुकलं असेल तर त्यात तुझाही वाटा आहे.

आधी हे सांगते की तुझे अप्पा बरे आहेत. चालतात, जेवतात, माझ्या भाकरीला नावं ठेवतात. लोक पत्रात गोल गोल फिरतात आणि वाचणाऱ्याचा जीव टांगून ठेवतात, मला ते जमत नाही. पण आषाढात त्यांना ताप आला होता, आणि त्यांनी तुला कळवलं असेल की थोडा आला होता, तर तो थोडा नव्हता. विषमज्वर होता. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात सव्वीस दिवस होते. आपल्याकडे जेवायला येतो तो रेल्वेच्या इंजिनशेडमधला तोताराम खलाशी, त्याने आणि मी मिळून धुळ्याच्या गाडीत बाकावर आडवं करून नेलं. मी दर रविवारी खानावळ बंद ठेवून जात होते. नवऱ्याच्या, लोटनरावांच्या, तेराव्यालासुद्धा मी चूल बंद ठेवली नव्हती, हे तुला कुणीही सांगेल. आता अंगात मांस नाही पण दीड भाकरी जाते. ही झाली खुशाली.

आता मुद्दा. यंदा अप्पा पोथी वाचणार नाहीत. तुमच्या कार्तिकातलं सतरा दिवसांचं वाचन, जे या खोलीत तू फ्रॉकात असल्यापासून एकही साल चुकलं नाही, ते यंदा नाही. साडेतीन आठवड्यांवर आलं आहे. भुसावळच्या आणि मनमाडच्या तुमच्या माणसांना त्यांनी कार्डं टाकली, येऊ नका म्हणून. कारण पोथी घरात नाही. तुझ्या आजोबांच्या हातची, भगव्या कापडातली, तीच. हे त्यांनी तुला लिहिलं नसणार, कारण त्यांना लाज वाटते. आणि नुसतं वाचनच नाही. रोजची प्रार्थनाही बंद आहे. आरशावर पंचा टाकला आहे. डोक्याला बांधायचं पागोटं घडी घालून खुंटीला. कपाळ कोरं. कनी, तू कधी बापाचं कपाळ कोरं पाहिलंस का? मी एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं. दुपारी त्यांचा आवाज सुरू झाला की मी शेवटचा तवा ठेवायची, मला घड्याळ लागलं नाही कधी. आता उन्हाकडे बघून अंदाज घेते आणि भाकरी करपते. जेवणारे विचारतात, अक्का, आज कोळसा वाढला का.

पोथी कशी गेली ते सांगते, पण त्याआधी मला तुला बरंच विचारायचं आहे. तू म्हणशील ही बाई अशा वेळी चौकशा काय करते. पण एकोणीस वर्षं मी हे ऐकते आहे आणि त्यातला एक शब्द मला कळत नाही. अप्पांना आता विचारलं तर तोंड फिरवतात. मग कोणाला विचारू? तेव्हा तू उत्तरं दे, आणि नीट दे. त्यांच्यासारखी अर्धी नको.

तुम्ही आलात तेव्हा तू सात वर्षांची होतीस, तुला किती आठवतं माहीत नाही. रेल्वेतला मद्रासी फिटर, बायको, मुलगी आणि एक ट्रंक. मी मागची खोली दिली. आठ दिवसांनी शेजारची कुंदाबाई कानाशी लागली की तुझा भाडेकरू आरशाची पूजा करतो, काहीतरी जादूटोणा आहे, काढ त्याला. मी लपूनछपून बघणारी नाही, सरळ दारात जाऊन उभी राहिले. पाटावर आरसा, दोन बाजूंना दोन दिवे, पुढे फुलं. देव नाही, तसबीर नाही, साधा दगडसुद्धा नाही. मी विचारलं, सुयंबूभाऊ, तुमचा देव कुठं गेला, चोरीला गेला का. त्यांना तेव्हा मराठी येत नव्हतं, शेडमधल्या खलाश्यांकडून जे उचललं तेच यायचं, आणि आजही तेच येतं. इतकी वर्षं झाली, बोलतात आमच्या खेड्यातल्या म्हाताऱ्यांसारखं. ते म्हणाले, "मझार कोन शे ते देख, अक्का." आत कोण आहे ते बघ. मी वाकून पाहिलं. आत मी. मी म्हटलं, ही तर भागी आहे. ते म्हणाले, "हां, तीच," आणि पागोटं बांधायला लागले. मला चार दिवस राग होता. माणसाने विचारावं एक आणि याने सांगावं भलतंच. आणि खरं सांगू, लोटनराव गेल्यापासून मी आरशापुढे उभीच राहिले नव्हते. कुंकू लावायचं नाही, तर आरसा कशाला? वेणी हाताने चाचपून घालायची. तीन वर्षांनी पाहिलं तर मला वाटलं माझी पिंपळनेरची आत्या उभी आहे. ती तर केव्हाच वारली होती.

तर हा पहिला प्रश्न. त्या आरशात देव असतो म्हणून त्याच्यापुढे हात जोडायचे, की आपण दिसतो म्हणून? अप्पा म्हणाले दोन्ही. दोन्ही कसं असेल?

मग ती पांढरी माती. तुमच्या गावाहून डब्यातून आणलेली, भिजवून भुवयांमधून वर ओढायची, दिव्याच्या ज्योतीसारखी. पहिल्या वर्षीच्या वाचनाला मी दाराशी उभी होते, आणि ते सगळ्यांना लावत लावत माझ्यापर्यंत आले. मी मागे सरले. म्हटलं मला नको, मला चालत नाही. तुझी आई माझ्याकडे बघत होती, तिला तर मराठीचा म ठाऊक नव्हता, पण मी का नको म्हणते ते तिला बरोबर कळलं. तिनेच त्यांच्या हातातून वाटी घेतली आणि माझ्या कपाळाला बोट लावलं. थंडगार होतं. मी घरी येऊन पुसलं नाही. कुंदाबाईने दुसऱ्या दिवशी विचारलं, हे काय गं, मी म्हटलं डोकं दुखतं, लेप लावलाय. एवढं खोटं बोलले. कनी, त्या मातीत नक्की काय असतं? कुठली असते ती, समुद्राची की विहिरीची? तुझी आई मला अक्का म्हणायची आणि मी तिला अक्का म्हणायचे, दोघींना दुसरा शब्द येत नव्हता, त्यामुळे विचारायचं राहून गेलं.

पागोट्याचं मात्र त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं होतं, आमच्याकडे देवापुढे जाताना लोक नम्र होतात आणि तुम्ही लग्नाला निघाल्यासारखं डोकं बांधून बसता, ही कुठली रीत. तेव्हा पहिल्यांदा ते हातातलं काम खाली ठेवून बोलले. त्यांच्या पणज्याच्या काळी तिकडे राजाचा हुकूम होता की ताडावर चढणाऱ्या तुमच्या लोकांनी डोक्याला फडकं बांधायचं नाही, गुडघ्याखाली धोतर नेसायचं नाही, आणि बायांनी छातीवर वस्त्र घ्यायचं नाही. मी ऐकलं आणि पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला, तसा काही धोका नव्हता तरी. मग तुमचे अय्या आले, ज्यांना तुम्ही देवाचा अवतार मानता ते, आणि म्हणाले, माझ्यापुढे येताना डोकं बांधूनच या. हे सगळं त्या पोथीत आहे म्हणाले. मला पोथी म्हणजे राजे, राक्षस, शाप आणि उःशाप एवढं माहीत. ताडावर चढणाऱ्यांच्या फडक्याचं लिहिलेली पोथी असते हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी दर वर्षी सतरा दिवस बसते. कळत काही नाही. पण कुठं सावरून बसायचं ते कळतं.

आणि ती पंगत. शेवटच्या दिवशी तुमचा भात, त्यात सगळ्या भाज्या एकत्र. स्टेशनात झाडू मारणारा वना अप्पांनी बोलावला, आणि तो नेहमीसारखा बाहेर पायरीशी बसला, तर अप्पांनी त्याचं पान उचलून आत आणलं. म्हणाले, "बठ्ठा आठेच बसतीन." सगळे इथंच बसतील. कुंदाबाई उठून गेली. माझी पंचाईत. माझी खानावळ, माझ्याकडे बामणापासून सगळे जेवतात, कोणी पाहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी ताटं रिकामी. मी त्या साली उभीच राहिले, वाढते आहे असं दाखवत. दुसऱ्या साली बसले, वनाच्या शेजारीच बसले. पंधरा दिवस चार जण यायचे बंद झाले, मग आले परत, कारण दुसरीकडची आमटी पाणचट. हे मी मोठं काही केलं म्हणून सांगत नाही. मला पहिल्या सालाची लाज वाटते म्हणून सांगते.

लग्नाचं तुला आठवत असेल. वाचनात मध्येच एक दिवस लग्न असतं, पोथीतलं. मला कोणी नीट सांगितलं नाही, तुझ्या आईने नुसतं हाताने दाखवलं, उद्या लग्न, हार, वाजंत्री. मी आपली धांदलीने बाजारातून खण आणि नारळ घेऊन आले, पेटीतलं लुगडं काढून नेसले, आणि येऊन बघते तर नवरी नाही, नवरा नाही, अप्पा एकटे वाचताहेत. मी विचारलं मुलीकडचे कुठं उतरलेत. भुसावळची ती जाडी बाई हसून हसून लोळली. पण अप्पा हसले नाहीत. त्यांनी खण घेतला, पोथीपुढे ठेवला आणि वाचता वाचता माझं नाव घेतलं, एवढं मला कळलं. पुढे दर साली मी आहेर नेत गेले. त्या पोथीत लग्न कोणाचं असतं गं? नवरी एकच की अनेक? अप्पांना विचारलं तर बोटं दाखवली, एका हाताची संपली तरी थांबले नाहीत. ते खरं का माझी फिरकी घेत होते?

आणि शेवटच्या दिवशी बायका रडतात ते कुठलं? वाचन संपत येतं, अप्पांचा आवाज चढतो, मनमाडची म्हातारी डोळे पुसते आणि लगेच हसते. मी विचारलं होतं. ते म्हणाले, "कलीनं राज सरी जाई." कलीचं राज्य संपेल. मी म्हटलं कधी, काही तारीख. तर म्हणाले, तेवढ्यासाठीच तर दर साली वाचायचं. बाई, मला हे पटलंही नाही आणि डोक्यातून गेलंही नाही. पुढं काय होतं, लोक सुखी होतात म्हणजे नक्की काय होतं, कोणाला काय मिळतं, हे तू मला ओळीने लिही.

तुला पाठ आहे हे मला माहीत आहे. तुझी आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पा दुपारच्या प्रार्थनेला बसले आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला आवाज गेला. मी चुलीपाशी. मला वाटलं आता बंद झालं. तेवढ्यात बारीक आवाजात तू धरलंस आणि शेवटपर्यंत नेलंस, नऊ वर्षांची. माझ्या हातातलं पीठ वाळून गेलं. त्या दिवसापासून तू माझ्याकडे जेवायला लागलीस.

बरं, आता पोथीचं.

श्रावण संपता संपता अप्पा दवाखान्यातून आले. आल्या आल्या ट्रंक उघडली, पोथी नाही. त्यांच्या मनाने घेतलं की तापात ते ती धुळ्याला घेऊन गेले. त्यांना म्हणे आठवतं, उशाला होती, भगवं कापड हाताला लागायचं. तापात माणसाला काय वाटेल ते लागतं हाताला. मी म्हटलं जाऊ नका, अंगात ताकद नाही. तरी गेले. तीनदा गेले. त्या खाटेवर दुसरा रोगी होता, त्याला उठवून गादी उलटी केली म्हणे. मोठ्या नर्सबाईने कपाटं उघडून दाखवली, बिचारीने काही तक्रार केली नाही. आयांनी धुण्याच्या गाठोड्यात पाहिलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिथल्या लोकांनी चहा पाजून गाडीत बसवून दिलं. येऊन पायरीवर बसले आणि म्हणाले, "मनं डोकं गयं, अक्का." माझं डोकं गेलं.

तेव्हापासून हे चाललंय. ज्याला नुसत्या शिट्टीवरून इंजिनाचा नंबर सांगता यायचा, तो माणूस आता धोतराला गाठी मारतो. एक गाठ म्हणजे दिवा मालवला, दुसरी म्हणजे कुलूप लावलं. कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जातात आणि परत येऊन ओढून बघतात. परवा मला विचारलं, मी जेवलो का. मी म्हटलं हे काय पुढ्यात ताट आहे. तर खाली बघून म्हणाले, विचारलेलं बरं. कनी, त्यांना काही झालेलं नाही. ते सगळं बरोबर करतात. जेवले असले तर जेवलेच असतात. पण पोथी विसरणाऱ्याने अय्यापुढे बसू नये, चुकीचं म्हटलं जाईल, असं त्यांनी ठरवलं आहे. तोताराम म्हणतो, भाऊ, म्हातारपण आलं की असं होतं. मला त्याच्या तोंडावर पळी मारावीशी वाटते. अठ्ठावन्न म्हणजे काय म्हातारपण?

आता ऐक. मधे उठू नकोस, मूल रडलं तरी सासूकडे दे.

पोथी धुळ्याला गेलीच नव्हती. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी घराचं मातीचं धाबं गळत होतं, तुमच्या खोलीचा पूर्वेकडचा कोपरा, म्हणून मी किल्ली घेऊन भांडं ठेवायला आत गेले. ट्रंक ओली. उघडली तर भगव्या कापडावर मातीच्या रेघा. वाळवी. कापड सोडलं तर मधली पानं चाळणीसारखी, हात लावला की भुगा. आदल्याच दिवशी मी धुळ्याहून आले होते आणि डॉक्टरने सांगितलं होतं की दोन दिवस काढले तर वाचला. आमच्याकडे भंगलेली मूर्ती आणि खंडित पोथी घरात ठेवत नाहीत. घरात दुखणं असलं तर मुळीच नाही, ज्याची पोथी त्याच्यावर येतं. माझ्या सासूने सासऱ्यांची पोथी अशीच गिरणेत सोडली होती, माझ्यादेखत. मी कोणाला विचारलं नाही. मी कधी कोणाला विचारते? परत कापडात बांधली, हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, तुम्हाला भात आवडतो म्हणून मूठभर तांदूळ ठेवले आणि तितूर नदीवर गेले. पाणी चांगलं होतं. कमरेएवढ्यात उभी राहून सोडली आणि दिसेनाशी होईपर्यंत थांबले. तुमच्या अय्यांना म्हटलं, मला तुमच्या रीतीने बोलता येत नाही, हे तुमच्या माणसाचं आहे, हे घ्या आणि माणूस ठेवा. आणि तिसऱ्या दिवशी तोताराम धुळ्याहून सांगत आला, ताप उतरला. मी गल्लीत गूळ वाटला. मला अगदी पक्कं वाटलं की मीच वाचवला. अप्पा आले, ट्रंकेपाशी बसले, आणि मी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनीच विचारलं की मी ती धुळ्याला नेली होती का. मी म्हटलं, बघू या. एवढंच म्हटलं. कुंदाबाईला, स्टेशनमास्तरला, बामणाला, सगळ्यांना तोंडावर बोलणारी मी, दीड महिना झाला त्या एका शब्दाच्या आड बसले आहे. ते गाडी धरून धुळ्याला जात होते आणि मी त्यांना डब्यात भाकरी बांधून देत होते. नंतर एकदा त्या पायरीवर बसूनच त्यांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांनी ती पोथी वाळवी लागलेल्या ताडपत्रांवरून उतरवून घेतली होती. जिथं पान खाल्लेलं होतं तिथं गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून भरली. तुमच्याकडे खाल्लेली पोथी सोडत नाहीत, उतरवतात. हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. तिच्या शेवटच्या पानावर तुझ्या जन्माची वेळ होती, तुझ्या आईचा शेवटचा दिवस होता. तुझ्या आईचा दिवस मला माहीत आहे, तो मी सांगेन. तुझी वेळ गेली. त्याबद्दल तू मला काय बोलायचं ते बोल.

छापील पोथी तुझ्या सासरी, तिकडे दक्षिणेत मिळते असं मनमाडची म्हातारी म्हणाली. मिळाली तर ती घेऊन ये. नाही मिळाली तर एका वहीत तुला येतं ते उतरव आणि ते घेऊन ये. पण टपालाने पाठवू नकोस, तू ये, जावईबापूंना मी सांगितलं म्हणून सांग. तुझं गाव गाडीपासून लांब आहे हे मला ठाऊक आहे, तरी ये, कारण एवढे दिवस गप्प बसलेला आवाज एकट्याने उठणार नाही. पण हे पत्र मी त्यासाठी लिहिलेलं नाही, त्यासाठी तार केली असती. लिहिलं ते मला स्वतःवर भरवसा उरला नाही म्हणून. रोज सकाळी ठरवते आणि रोज दुपारी त्यांच्यापुढे ताट ठेवून परत येते. आता कागदावर उतरलं आहे, आता ते माझ्या एकटीचं राहिलं नाही. उद्या पहाटे चहा घेऊन जाईन आणि त्यांना सांगेन की सुयंबूभाऊ, तुमचं डोकं जागेवर आहे, पोथी मी नदीत सोडली. ते मला काय म्हणतील, खोली सोडतील का, पुन्हा माझ्या हातचं खातील का, ते मला माहीत नाही. सांगून झाल्याशिवाय हे पाकीट मी टपालाच्या पेटीत टाकणार नाही, तशी शपथ घेतली आहे. तेव्हा कनी, हे तू वाचत असशील तर समज की त्यांना कळलं आहे.

तुझीच,
भागाअक्का